शेवटच्या नळापर्यंत

पहाटे चारला दहा मिनिटं कमी असताना चावीमावशीचा दिवस सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ होतं, पण ते तिच्या नवऱ्यासाठी. तो शिंपी. त्याला सातला उठायलाही दोन गजर लागायचे. ती आपोआप उठायची, चूळ भरायची, केस घट्ट बांधायची, रात्रीचे उरलेले दोन घास खायची आणि दारामागे उभी केलेली चावी खांद्यावर टाकून बाहेर पडायची.

खोली एकच होती. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीशी पलंग, दारामागे चावी. शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा, "घरात आम्ही तिघं. मी, ही, आणि ती दारामागे उभी आहे ना, ती माझी सवत."

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. चार फूट लांबीची लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. वजन सात किलो. रस्त्याखालच्या पाण्याच्या पाईपांवर जे व्हॉल्व्ह असतात ते या चावीने फिरवायचे, तेव्हा कुठे त्या त्या गल्लीत पाणी जातं. गावाच्या वरच्या अंगाचे एकोणीस व्हॉल्व्ह मावशीकडे होते. प्रत्येकाचे फेरे वेगळे. कुणाचे अठरा, कुणाचे बावीस, आणि टेकडीखालच्या गाळाच्या व्हॉल्व्हचे अठ्ठावीस. हा गाळाचा व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा उघडायचा, पाईपात बसलेली घाण बाजूच्या खोलगटात वाहून जाऊ द्यायची आणि पुन्हा आवळायचा. मावशी फेरे पुटपुटत मोजायची. हाताला किती जोर लागला यावर तिचा विश्वास नव्हता. ती म्हणायची, हात थकला की त्याला सगळंच घट्ट वाटतं.

पहिल्या व्हॉल्व्हपासून एकोणिसाव्यापर्यंत सहा किलोमीटर. टाकीतून पाणी सुटलं की ते आधी खालच्या गल्ल्यांत धावतं. खालचे व्हॉल्व्ह वेळेत आवळले नाहीत तर टेकडीवरच्या घरांना थेंब मिळत नाही. तिच्या आधीचा माणूस सायकलवरून फिरायचा, वाटेत दोन ठिकाणी चहा प्यायचा, आणि टेकडीवरचे लोक ओरडायला आले की "प्रेशरच नाही" म्हणून मोकळा व्हायचा. मावशीने पहिल्याच महिन्यात ओळखलं की प्रेशर आहे, माणूस उशिरा पोचतो. टेकडीवरच्या पायवाटेला सायकल जात नव्हती आणि चालून जमत नव्हतं. म्हणून ती पळू लागली. त्याला ती पळणं म्हणत नसे. "जरा पाय उचलते," एवढंच.

टेकडीच्या माथ्यावर शेवटचं घर होतं. तिथल्या आजींनी आणि मावशीने एक खूण ठरवली होती. पाणी भरून झालं की आजी कुंपणाच्या भिंतीवर लाल बादली पालथी घालायच्या. ती बादली खालून दिसायची. दिसल्याशिवाय मावशी मुख्य व्हॉल्व्ह बंद करत नसे. पावणेआठला सहसा दिसायची. कधी आठ वाजले तर आठ. मुकादम म्हणायचा, "अगं, एका म्हातारीसाठी किती वेळ उभी राहतेस?" मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "पाणी शेवटच्या नळापर्यंत गेलं तर गेलं. मधे कुठे पोचलं त्याला काय अर्थ आहे?"

शाळेशी तिचा संबंध आला तो धुक्यामुळे. टेकडीच्या पायथ्याशी मुलींची शाळा होती आणि शाळेच्या मुली क्रॉस-कंट्री पळायच्या. मैदानातून सुरू करायचं, पाईपलाइनच्या बांधावरून टेकडी चढायची, पलीकडे उतरून खोलगटातून जायचं, झाडांच्या रांगेने विटांच्या भिंतीपर्यंत यायचं आणि फाटकातून परत मैदानात. चार किलोमीटर. एका सकाळी दाट धुकं होतं. सराव संपला, हजेरी झाली, तर एक मुलगी कमी. दोन तास शोधाशोध. सापडली ती मावशीला, अकराव्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर बसून रडत असलेली. मावशीने तिला शाळेत आणून सोडलं आणि खेळाच्या बाईंना विचारलं, "तुमच्या शेवटच्या मुलीमागे कोण असतं?"

"शेवटच्या मुलीमागे कोण असणार? ती शेवटची आहे ना."

"मग ती सापडणार कशी?"

बाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की मोठ्या शर्यतींत असं माणूस खरंच असतं. सगळ्यांच्या मागे पळायचं, शेवटच्या मुलीला एकटं पडू द्यायचं नाही, आणि येता येता वाटेवरचे झेंडे उपटून आणायचे. त्या माणसाला मुलींनी लगेच नाव दिलं. शेपूट. आणि सकाळी आठला टेकडी चढू शकणारी, वाट पाठ असलेली आणि पाणी सोडून मोकळी झालेली बाई गावात एकच होती. बाईंनी गंमत म्हणून एकदा तिच्या पळण्याची वेळ घेतली. खांद्यावर चावी असताना मावशी शाळेतल्या सातव्या मुलीच्या बरोबरीने आली. चावी खाली ठेवून पळायला सांगितलं तर म्हणाली, "नको. तोल जातो."

शर्यतीत शेपटाचे नियम तीन. हात लावायचा नाही. पुढे जायचं नाही. झेंड्यांशिवाय दुसरी वाट सांगायची नाही. मावशीने ते नियम व्हॉल्व्हच्या फेऱ्यांसारखे पाळले. शर्यतीसाठी झेंडे शिंप्याने शिवले, उरलेल्या लाल कापडाचे, चाळीस. प्रत्येकाला दुहेरी शिवण. शिवताना तो म्हणाला, "शर्यतीत शेवटचा नंबर यावा म्हणून रोज सराव करणारी माझी बायको जगात एकटीच."

"आणि तिचे झेंडे शिवणारा?"

"तो तर त्याहून शहाणा."

अठरा वर्षं तिने हे काम केलं. त्याचा पगार नव्हता. अठरा वर्षांत तिच्या पुढे शेवटच्या नंबरावर पळणाऱ्या मुली बदलत गेल्या. मावशीला त्यांचं कौतुक होतं, पण सरसकट नव्हतं. हळू पळणं हा काही गुण नव्हे, असं तिचं मत होतं. घाम आला म्हणजे काम झालं असंही नाही. कोण खरंच रिकामं झालंय आणि कोण अंग चोरतंय हे तिला मागून दिसायचं. पुढून चेहरा फसवतो, मागून टाचा फसवत नाहीत.

अशा मुलींतली एक इंजिन. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच राहिलं. पळताना ती इतक्या मोठ्याने श्वास घ्यायची की झाडांपलीकडून ऐकू यायचं. पहिल्या वर्षी टेकडीच्या अर्ध्यात ती चालायला लागली. मावशी मागे येऊन म्हणाली, "काय झालं?"

"दम लागलाय हो मावशी, काल झोप पण नीट झाली नाही, आणि सकाळी काही खाल्लं पण नव्हतं, आई म्हणत होती जाऊच नको, पण बाई रागावतात ना."

"दम लागलेल्या माणसाला एवढं बोलता येत नाही. पळ."

इंजिन पळाली. पहिली तीनही वर्षं ती शेवटची आली, पण टेकडीवर परत कधी चालली नाही. आणि तीन वर्षं रोजच्या सरावात तिच्या मागे मावशी असल्यामुळे तिला एक शिक्षण फुकट मिळालं. पळताना मावशी बोलायची. दुसऱ्या कुणाला ऐकू जायचं नाही, कारण दुसरं कुणी तेवढं मागे नसायचं. "इथे पाय टाकलास ना, त्याच्या खाली बारा इंची पाईप आहे." "या चिंचोळ्या जागी जॉइंट आहे, माती बसते, जपून." "या खोलगटात लाइन वर आलीये. वरून सिमेंट केलंय. डाव्या झेंड्याच्या आत दोन हात." मैत्रिणी इंजिनला चिडवायच्या, "तू पळतेस की नळाचा कोर्स करतेस?" ती म्हणायची, "दोन्ही. फी एकच."

चौथ्या वर्षी गोष्ट गळ्याशी आली. शर्यतीत चार जणींचा संघ असतो. चौघींचे नंबर मिळवायचे, बेरीज सगळ्यांत कमी तो संघ पहिला. एखादी जरी पोचली नाही किंवा तीस मिनिटांच्या बाहेर पोचली तर संघच धरत नाहीत. आदल्या वर्षी शाळेचा संघ असाच पुसला गेला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खेळाच्या बाईंना बोलावून सांगितलं होतं, यंदाही चौघी पुऱ्या आल्या नाहीत तर पुढच्या वर्षीपासून पळणं बंद. तो तास आणि ते मैदान दुसऱ्या खेळाला जाईल. शाळेत पाच मुली तयार होत्या. शर्यतीच्या आठवड्यात एकीचा पाय मुरगळला. राहिल्या चार. चौथी इंजिन. सरावातली तिची सगळ्यांत चांगली वेळ एकोणतीस मिनिटं पाच सेकंद.

"मावशी, तिला मागून जरा हाका ना," खेळाच्या बाई म्हणाल्या.

"हाकायला ती काय शेळी आहे? ती तिचं पळेल. मी माझं पळेन."

शर्यत शनिवारी आठला होती. गाळाचा व्हॉल्व्हही शनिवारचाच. तो रविवारवर ढकलता आला असता, पण मावशीने आयुष्यात काही रविवारवर ढकललं नव्हतं. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघाली. वरच्या व्हॉल्व्हची कामं करता करता झेंडे रोवत गेली. पाचच्या सुमाराला खोलगटापाशी आली, गाळ सोडला, पाणी स्वच्छ यायला लागल्यावर आवळायला घेतला. मोजत होती. चोवीस, पंचवीस, सव्वीस. तेवढ्यात वाऱ्याने समोरचा झेंडा आडवा झाला. तिने चावी तशीच व्हॉल्व्हवर उभी ठेवली, चार पावलं गेली, झेंडा उचलला, दगडाने ठोकून पक्का केला. परत आली, चावी उपसली, खांद्यावर टाकली आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे पळाली.

आठला चार शाळांच्या बावन्न मुली सुटल्या, सोळा संघांतल्या, बाकी स्वतःपुरत्या पळणाऱ्या. घड्याळाला एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांना सगळे घड्याळवाले म्हणायचे. त्यांच्या टेबलाशेजारी मुलींसाठी पाण्याचा ड्रम होता. सगळ्यात मागे मावशी. त्या दिवशी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचं काम मुकादमाने स्वतः घेतलं होतं आणि बादली दिसेपर्यंत हात लावणार नाही असं कबूल केलं होतं. चावी मैदानाच्या फाटकाशी टेकवून ठेवली होती. खांदा रिकामा होता आणि तिला तो रिकामा खांदा बोचत होता.

टेकडीच्या पायथ्यापर्यंत बावन्न मुलींची माळ लांबत गेली. मागे दोघी उरल्या. पुढे दुसऱ्या शाळेची हिरव्या बनियनवाली उंच मुलगी, तिच्या मागे वीसेक पावलांवर इंजिन. चढावर इंजिनचा श्वास नीट, एकसारखा चालला होता. मावशीला बरं वाटलं. माथ्यावर पोचल्यावर सवयीने तिने शेवटच्या घराच्या भिंतीकडे पाहिलं.

बादली नव्हती.

सव्वाआठ होऊन गेले होते. मावशी पळत राहिली, पण तिचं डोकं पाईपातून मागे मागे जायला लागलं. वरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत. खालचे आवळलेत, अठरा, बावीस, वीस, सगळे मोजून. मग वरती पाणी का नाही? कुठेतरी जातंय. कुठे? गाळाचा आवळला. सव्वीस, आणि झेंडा पडला, आणि...

सत्तावीस आणि अठ्ठावीस तिच्या आठवणीत नव्हते.

तिचं पाऊल चुकलं नाही. उतारावर तिने इंजिनपासूनचं अंतर तेवढंच ठेवलं. पण डोक्यात हिशेब चालू होता. दोन फेरे म्हणजे मनगटाएवढी धार. तीन तास. आणि सगळं पाणी त्या खोलगटात, जिथून बावन्न मुली जाणार.

खोलगट वरून हिरवंच दिसत होतं. पाणी गवताखाली पसरलं होतं. पहिल्या मुलींनी ओलं गवत तुडवलं आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या मागच्यांनी चिखल केला. त्यांच्याही मागच्यांनी तो मळला. शेवटच्या दोघींपर्यंत तिथे नुसता लगदा उरला होता. हिरवी मुलगी सरळ मधे घुसली आणि सहाव्या पावलाला नडगीपर्यंत रुतली. पाय ओढला तो बुटाशिवाय वर आला.

इंजिन काठावर थबकली. "मावशी, इथे कुठून आलं पाणी?"

"माझ्याकडून."

"म्हणजे?"

"माझी चूक आहे. पण पार तुलाच करायचंय."

इंजिनने डाव्या झेंड्याकडे पाहिलं. मग मावशीकडे. "डाव्या झेंड्याच्या आत दोन हात. ना?"

 तिसरा नियम मावशीच्या दातांत होता.

"बरं, नका सांगू," इंजिन म्हणाली. ती डावीकडे सरकली, झेंड्याच्या आत दोन हात मोजले आणि चिखलात पाय टाकला. घोट्यापर्यंत गेला. तिथे थांबला. दुसरं पाऊल टाकल्यावर खालच्या सिमेंटचा ठोकल्यासारखा आवाज मावशीला काठावर ऐकू आला. दोन्ही हात पसरून, तारेवर चालल्यासारखी, पण पळत, इंजिन पाईपावरून पलीकडे गेली. वर चढून एकदाही मागे न पाहता झाडांच्या रांगेत शिरली. तिचा श्वास लांब लांब जात राहिला.

चार वर्षांत पहिल्यांदा ती शेवटची नव्हती. आणि म्हणूनच मावशीला तिच्या मागे जाता येत नव्हतं. शेवटची आता हिरवी मुलगी होती.

ती चिखलात हात घालून बूट चाचपत होती. "काकू, ती कशी गेली?"

"ते मला सांगता येत नाही."

"बूट सोडू का?"

"ते तू ठरव."

मुलीने ओठ चावला. बूट शोधला. एक मिनिट गेलं, कदाचित जास्त. सापडला तेव्हा तो पायात जाईना, तिने हातात घेतला आणि एका पायाने अनवाणी निघाली. झाडांखाली खडे होते. भिंतीकडे चढ होता. मावशी तिच्या टाचा बघत होती. एक चिखलाची, एक लाल झालेली. ती मुलगी एकही पाऊल चालली नाही. मावशीने मनात तिला पुरे गुण दिले, आणि स्वतःला एकही नाही.

भिंतीच्या फाटकातून आत येताच तिने कान दिला. इंजिनचा श्वास ऐकू येत नव्हता. लोकांचा गलका होता. हिरव्या मुलीने रेघ ओलांडली आणि तिथेच बसली. घड्याळवाल्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "तीस मिनिटं नऊ सेकंद. वाईट वाटतं बेटा, पण नाही धरता येणार."

खेळाच्या बाई धावत आल्या. "मावशी, पोचली. एकोणतीस एकवीस. संघ पुरा झाला. शिवाय या हिरव्यांचा संघ बाद, म्हणजे आपण तिसऱ्या."

मावशीचं लक्ष हिरव्या मुलीकडे होतं. ती उठून पाण्याच्या ड्रमपाशी गेली होती. तिने पेला आत घातला. पेला तळाला खडखडला. पहिल्या मुली पिऊन, तोंडं धुऊन, एकमेकींवर उडवून मोकळ्या झाल्या होत्या. दर वर्षी असंच व्हायचं. इतकी वर्षं मावशी शेवटच्या मुलीबरोबर आत यायची आणि दर वर्षी ड्रम रिकामा असायचा. तिला ते दिसत होतं, पण आज ते टोचलं.

ती घड्याळवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, खोलगटात चिखल आहे तो तुमच्या मार्गाचा नाही. माझा आहे."

खेळाच्या बाईंनी तिचा दंड धरला. हळूच म्हणाल्या, "मावशी, आत्ता कशाला? कोणी विचारलंय का?"

"खोलगटात बघायला कोणी नव्हतंच, बाई. मग विचारणार कोण?"

घड्याळवाले म्हणाले, "चिखल क्रॉस-कंट्रीत असतोच."

"असतो. पावसाचा असतो, ओढ्याचा असतो. हा नळाचा आहे. मी गाळाचा व्हॉल्व्ह दोन फेरे कमी आवळला. पुढच्या मुली गवतावरून गेल्या. या पोरीला गाळ मिळाला."

"तुमच्या मुलीलाही मिळाला ना?"

"मिळाला. पण खाली पाईप कुठे आहे हे तिला माहीत होतं. तीन वर्षं माझं ऐकलंय तिने. या पोरीने काय करायचं?"

चार शाळांच्या बाई टेबलाभोवती जमल्या. दहा मिनिटं बोलणं चाललं. मग घड्याळवाल्यांनी पाटीवरची एक ओळ पुसून पुन्हा लिहिली. हिरव्या मुलीचे नऊ सेकंद सोडले. तिचा संघ पुरा झाला आणि तिसरा लागला. मावशीची शाळा चारांत चौथी.

खेळाच्या बाई मावशीकडे पाठ फिरवून झेंडे मोजायला लागल्या. त्या रागावल्या होत्या, आणि तो राग रास्त होता हे मावशीला मान्य होतं. इंजिन गवतावर आडवी पडली होती. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"म्हणजे मावशी, आपली शाळा शेवटची?"

"हो."

"पण मी नाही ना?"

"नाही. तू एक्कावन्नावी."

"मग ठीक आहे," इंजिन म्हणाली आणि तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती.

मावशीने फाटकाशी टेकवलेली चावी उचलली आणि पळत खोलगटाकडे गेली. सत्तावीस. अठ्ठावीस. मग टेकडीखाली उभी राहिली. भिंतीवर लाल बादली आली तेव्हा साडेदहा वाजले होते. मुकादमाने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा ती त्याच्या मागोमाग ऑफिसात गेली आणि झालं ते सांगितलं.

मुकादम तिच्यावर खूश असणारा माणूस. तो म्हणाला, "जुना व्हॉल्व्ह आहे. वायसर झिजला होता असं लिहितो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, कशाला उगाच डाग लावून घेतेस?"

"वायसर मी गेल्या महिन्यात स्वतः बदललाय. दोन फेरे कमी फिरवले असं लिहा."

"लिहिलं तर यंदाची वाढ थांबेल."

"थांबू दे. वायसरावर आळ नको."

त्याने तसं लिहिलं, आणि वाढ थांबली. शिंप्याला कळलं तेव्हा त्याने मशीन थांबवली, चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "दुहेरी शिवण घातली होती मी त्या झेंड्याला. पडला कसा?"

"शिवण नाही सुटली. काठी हलली."

"मग माझी चूक नाही," तो म्हणाला आणि पुन्हा पाय मारायला लागला. त्या दिवशी घरात त्याहून जास्त समजूत घालायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशी फेरे पुटपुटायच्या ऐवजी मोठ्याने मोजायला लागली. पहाटे गल्लीतल्या लोकांना अंथरुणात पडल्या पडल्या तिचे आकडे ऐकू यायचे.

मोठ्या बाईंनी निकालाच्या पाटीवर फक्त चार नावं पाहिली. चौघी पुऱ्या होत्या. नंबराबद्दल त्यांनी काही अट घातलीच नव्हती, त्यामुळे पळणं चालू राहिलं. खेळाच्या बाई महिनाभराने मावशीशी बोलल्या. पहिलं वाक्य होतं, "उद्या आठला सराव आहे." इंजिन पुढच्या वर्षी शेवटून पाचवी आली, त्याच्या पुढच्या वर्षी नववी. त्याच्या वर ती कधी गेली नाही. पण सरावात ती नव्या मुलींच्या मागे मागे राहायची आणि त्यांना पाईप कुठे आहे ते सांगायची.

मावशी आणखी नऊ वर्षांनी निवृत्त झाली. साहेबांनी भाषण केलं, त्यात तिने किती लिटर पाणी सोडलं याचा आकडा होता. तिला तो पटला नाही. चावी तिने स्वतः पुसून नव्या माणसाच्या हातात दिली आणि गाळाच्या व्हॉल्व्हचे फेरे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. घरी आल्यावर दारामागचा कोपरा रिकामा दिसला. शिंपी म्हणाला, "सवत गेली. आता मशीनला मोटर घेऊन टाकू. माझे पाय थकलेत."

"तुझे पाय? बसून?"

"बसूनच थकतात."

"मोटर पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "या पगाराचं काय करायचं ते माझं ठरलंय."

तिच्या शेवटच्या पगारातून रस्त्यावरच्या लाइनपासून शाळेच्या मैदानापर्यंत नव्वद फूट पाईप गेला. अर्ज तिने केला, चर तिने स्वतः उभी राहून खणून घेतला. नळवाल्याने नळ उंचावर लावला तर तिने तो काढायला लावला. "धावून आलेलं माणूस सरळ उभं नसतं. कमरेइतका खाली घे." लावल्यावर तोटीतून थेंब गळत होता. तिने पुन्हा खोलायला लावला. तिसऱ्या खेपेला गळायचा थांबला. शर्यतीची शेवटची रेघ जिथे मारतात, तिथून चार पावलांवर तो नळ आहे. पितळेचा, साधा, वर काही लिहिलेलं नाही.

त्या वर्षीच्या शर्यतीला मावशी पळाली नाही. नळापाशी उभी राहिली. शेवटची मुलगी येईपर्यंत मुख्य व्हॉल्व्ह आवळायचा नाही, हे तिने नव्या माणसाकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. पहिल्या मुली आल्या, वाकल्या, प्यायल्या, तोंडं धुतली, एकमेकींवर पाणी उडवलं. तिने कुणाला हटकलं नाही. ती फाटकाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने शेवटची मुलगी आली, रेघ ओलांडली, वाकली आणि नळ उघडला.

धार पहिलीच्या वेळेइतकीच जाड होती.